रातकिड्यांचा ताल सहकार्यातून जुळत नाही

उन्हाळा सुरू झाला की एक संदेश हमखास फिरू लागतो: रात्री रातकिडे नर-मादी मिळून, एकमेकांना साथ देत एका तालात गातात आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मंद गतीने वाजवले तर माणसांचे वृंदगान ऐकू येते.

‘नर-मादी मिळून’ हे रातकिड्यांना लागू पडत नाही. गातो तो नर. बॅटरीवर कापड धरून कुंडीपाशी निश्चल थांबलात, तर उचललेल्या पंखांपैकी उजव्याखालची दातेरी शीर तो डाव्याच्या कडेवर घासताना दिसतो. मादी पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या जरा खाली असलेल्या कानांनी ते ऐकते आणि आवाजाच्या रोखाने चालत येते.

एकमेकांना साथ देण्याचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा. मुळात सर्वच जाती तालात गात नाहीत. ज्या गातात, त्यांच्यात हा ताल चढाओढीतून येऊ शकतो. कीटकसंशोधक मायकेल ग्रीनफील्ड यांनी सहकाऱ्यासह पनामातील लांब मिशांच्या नाकतोड्यांचा, म्हणजे रातकिड्यांच्या नातलगांचा, अभ्यास 1993 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केला. जवळजवळ एकाच वेळी आलेल्या दोन हाकांपैकी किंचित आधीच्या हाकेकडे तिथली मादी वळते, म्हणून शेजाऱ्याची हाक कानी पडताच नर आपली लय नव्याने सुरू करतो, आणि जो तो मागे पडू नये म्हणून हेच करत राहिल्याने सगळ्यांच्या हाका एकावर एक येतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी मेकोपोडा या नाकतोड्यांत दाखवले की नर शेजाऱ्याच्या हाकेसरशी आपली पुढची हाक सरकवतो, शिवाय स्वतःची मूळ गतीही बदलतो. इतकी नेमकी यंत्रणा ‘साथ’ या एका शब्दाखाली झाकली जावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

राहिले वृंदगान. अनेक रातकिड्यांचा सूर सेकंदाला चार-पाच हजार कंपनांच्या आसपास, बराचसा एकाच पट्टीत असतो. तो सोळापट मंद केला की सुमारे तीनशे कंपनांवर, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या टप्प्यात येतो, त्यामुळे ओळखीचा वाटतो. परंतु संपूर्ण ध्वनिमुद्रण एकाच प्रमाणात मंद केल्याने सगळे सूर सारखेच खाली उतरतात. मुळात नसलेली सुरावट त्यातून तयार होत नाही.