पिल्लाला पळवा, पुढचं डॉक्टर बघतील

पिल्लू घरी आलं, अभिनंदन. लॅब्रॅडॉरचं आहे, दोन महिन्यांचं, पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे, आणि बाप चॅम्पियन होता असं ब्रीडरने छातीठोकपणे सांगितलंय. (साध्यासुध्या बापाचं पिल्लू विकणारा ब्रीडर अजून जन्माला यायचाय.) पेढे वाटून झाले, ब्रूनो नाव ठेवून झालं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून झाले. आता वेळ न दवडता त्याला कामाला लावा.

पहिली अडचण झोपेची. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. घसघशीत पैसे मोजून आणलेला प्राणी सोफ्याखाली पोट वर करून घोरत पडलाय, हे कर्त्या माणसाला कसं सहन व्हावं? पाहुणे आले की त्याला उठवा. पाहुणे गेले की शेजारच्या मुलांना बोलावून उठवा. मग ते चिडून पायजम्यांना लोंबकळायला लागलं, चपलांचे पट्टे तोडायला लागलं, की घरातले जाणते सांगतील, "एनर्जी फार आहे हो याच्यात, जरा दमवायला पाहिजे." पेंगुळलेलं तान्हं मूल किरकिरतं आणि त्याला झोपवायचं असतं, हे याच जाणत्यांना उत्तम ठाऊक असतं. पण ते मूल झालं, हे कुत्रं आहे.

दुसरी अडचण हाडांची. पिल्लाच्या पायांतल्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. हाड लांबीला वाढतं ते तिथून. वाढ पुरी झाली की पट्टीचं हाड होतं आणि ती मिटते. लहान चणीच्या कुत्र्यांत वर्षाच्या आत, लॅब्रॅडॉर-जर्मन शेफर्डसारख्यांत साधारण वर्ष ते दीड वर्षात, आणि ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या अवाढव्य मंडळींत त्याहूनही उशिरा. तोवर ही पट्टी आसपासच्या हाडापेक्षा कमजोर असते. मोठ्या कुत्र्याचा पाय जिथे नुसता मुरगळेल तिथे पिल्लाची पट्टीच दुखावू शकते, त्या जागची वाढ थांबू शकते आणि पाय वाकडा वाढू शकतो. पण या पट्ट्या एक्स-रेशिवाय दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याची काळजी करायची आपल्यात पद्धत नाही. तेव्हा पुढे चला.

आता मिनिटांचा हिशोब. तुम्हाला एक नियम सांगितला जाईल: वयाच्या दर महिन्यामागे ५ मिनिटं चालवा, दिवसातून फार तर दोनदा. म्हणजे तिसऱ्या महिन्यात १५ मिनिटं, चौथ्यात २०. हा नियम इंग्लंडातून आलाय, तिथल्या केनेल क्लबनेही, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनेही, तो सांगितलेला आहे. गंमत म्हणजे पाचच मिनिटं का, चार किंवा सात का नाहीत, हे कुणी प्रयोग करून ठरवलेलं नाही. ढोबळ अंदाज आहे, आणि तोही पट्टा लावून एका चालीने चालवण्यापुरता. यातून तुम्हाला दोन उत्तम मार्ग मिळतात. पहिला भाविकांचा: पिल्लू बागेत स्वतःच्या तंद्रीत गवताचं पान चावतंय, मध्येच लोळतंय, पण सोळावं मिनिट लागलं रे लागलं की त्याला खसकन उचलायचं आणि घरी आणून डांबायचं. दुसरा पाखंड्यांचा: "पुरावा नाही ना? मग रविवारी सिंहगड."

सिंहगडाची शिफारस मी विशेष करीन. पहाटे पायथ्याशी गाडी लावा, ब्रूनोला नवाकोरा हार्नेस चढवा आणि निघा. पहिला टप्पा तो तुमच्या पुढे पळेल. एवढ्यावर "आमचा चार महिन्यांचा आहे, पण स्टॅमिना बघा" हे वाक्य निदान तीन अनोळखी लोकांना ऐकवून घ्या, कारण पुढे संधी मिळणार नाही. नंतर तो तुमच्या बरोबरीने चालेल. मग मागे. मग एका वळणावर, ऐन वाटेत, फतकल मारून बसेल. जीभ एका बाजूला लोंबतेय, कान मागे पडलेत, आणि तो तुमच्याकडे न बघता दरीकडे बघतोय. पट्टा ओढलात की हार्नेस वर सरकून मानेची कातडी गोळा होईल, पण बूड हलणार नाही. येणारी-जाणारी म्हणेल, "अगं बाई, दमलं वाटतं." आपण म्हणायचं, "छे हो, नाटकं आहेत सगळी." मग चार पावलं पुढे जाऊन त्याला हाक मारायची. तो उठेल आणि येईल. यावरून तुमचं म्हणणं सिद्ध होतं. वास्तविक त्या वयाचं पिल्लू मागे येतं ते दम शिल्लक आहे म्हणून नव्हे, तुम्ही पुढे निघालात आणि एकटं राहायची त्याला भीती वाटते म्हणून. पण हे वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खाताना कुणाच्या लक्षात राहतं?

ज्यांना सिंहगड लांब पडतो त्यांनी जिन्यावर भागवावं. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड अशा चार थोराड जातींच्या पिल्लांवर बराच काळ नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्लं जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात पुढे खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार, म्हणजे हिप डिस्प्लेसिया, जास्त आढळला. आणि त्याच वयात जी पिल्लं मोकळ्या, उंचसखल जमिनीवर पट्ट्याशिवाय हुंदडत होती, त्यांच्यात कमी. म्हणजे "पिल्लाला हलूच देऊ नका" म्हणणारेही तोंडावर पडले आणि "चढवा गड" म्हणणारेही. असल्या अभ्यासाचा आपल्याला काय उपयोग? आपल्याकडे उंचसखल मोकळी जमीन असती तर तिथे एव्हाना पार्किंग झालं नसतं का? शिवाय सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये कुत्रा नको अशी पाटी लावलेली आहे आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात. पाचएक किलोचं पिल्लू कडेवर घेऊन उतरता येतं, हे खरं. पण लोक काय म्हणतील?

हा विकार मुळात बराचसा आनुवंशिक असतो. पिल्लू घेण्याआधी आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे असतात. तुम्ही ढाली आणि कप बघून आलात. छान केलंत, ढाली चकचकीत होत्या.

चकचकीतवरून आठवलं. हॉलमधली व्हिट्रिफाइड फरशी अजिबात झाकू नका. दाराची बेल वाजली की ब्रूनो बेडरूममधून सुटतो, वळणावर मागचे दोन्ही पाय दोन दिशांना फाकतात, पोट फरशीला टेकतं आणि तसाच घसरत तो चपलांच्या कपाटावर जाऊन आदळतो. घरादाराची हसून मुरकुंडी वळते. याचा व्हिडिओ काढा, पुन्हा बेल वाजवा, पुन्हा काढा. पिल्लाच्या सैल सांध्यांना असं फाकणं सोसत नाही, म्हणून जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरा असं कुणी सुचवलं तर त्याला सांगा की इंटिरियरवाल्याने सक्त मनाई केलीय.

आणि आता व्यायामाचा राजा: चेंडू. यात तुम्ही बाकावर बसलेले, हातात चेंडू फेकायची प्लॅस्टिकची दांडी, आणि पळतो तो ब्रूनो. पूर्ण वेगात पळणं, चेंडूपाशी करकचून ब्रेक, जागच्या जागी गिरकी, परत. पुन्हा तेच, तसंच, त्याच सांध्यांवर. स्वीडनमध्ये लॅब्रॅडॉरांचा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. मालकाने फेकलेल्या चेंडू-काठ्यांमागे पळणाऱ्या कुत्र्यांत खुब्याच्या आणि पुढच्या पायाच्या कोपराच्या विकारांचा धोका जास्त दिसला. पण तुम्ही ब्रूनोकडे बघा ना! त्याला आवडतंय. शिकाऱ्याने पाडलेले पक्षी पाण्यातून वेचून आणायला ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवल्या, त्या जातीत "पुरे" म्हणणारं कुत्रं मुळात टिकवलंच नाही. पाय दुखला तरी तो चेंडू आणेल. तेव्हा "तो थांबत नाही म्हणजे त्याला झेपतंय" हे सूत्र पक्कं धरा.

याच्या उलट, दोन पिल्लांना गवतावर मोकळं सोडून बघा म्हणजे आळस कशाला म्हणतात ते कळेल. घटकाभर कुस्ती, मग दोघंही अचानक बसतात. एक कान खाजवतो, दुसरा मातीत नाक खुपसतो. पुन्हा उठून झटापट, पुन्हा बैठक. कधी पळायचं, कधी थांबायचं, सगळं त्यांचं तेच ठरवतात. यात शिस्त नाही, लय नाही, घड्याळात पावलंही नीट मोजली जात नाहीत. असल्या व्यायामाचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवणार? वास घेण्याचंही तेच. विजेच्या एका खांबापाशी ब्रूनो चांगली तीन-चार मिनिटं नाक लावून उभा राहील आणि घरी येऊन गाढ झोपेल, जणू कोसभर चालून आलाय. हा डोक्याचा शीण आहे आणि त्याला सांधे लागत नाहीत. खांब दिसला की ओढून न्या.

काही उद्योगी लोक स्कूटरवर बसून एका हातात पट्टा धरतात आणि कुत्र्याला शेजारून पळवतात. यावर मी काही बोलणार नाही. पिल्लाचा व्यायाम व्हावा आणि आपला होऊ नये, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे.

उन्हाचं थोडक्यात. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंज्यांतून. बाकी अंग तो धापा टाकून थंड करतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर पिल्लाला चालवू नका, असं म्हणतात. मे महिन्यात नागपुरात दुपारी हे करून बघण्याची काहीच गरज नाही. तुमच्या पायात बूट आहेत.

आहाराकडे मात्र दुर्लक्ष नको, एवढी मेहनत करतोय तो. खाणं झाल्या झाल्या पळवा. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडर घाला, भरपूर घाला. पिल्लांसाठी बनवलेल्या पुरेशा आहारात ते असतंच आणि थोराड जातीच्या कोवळ्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम आतड्यात रोखता येत नाही, त्याने हाडांची वाढ बिघडते, हे ग्रेट डेनच्या पिल्लांवर १९८० च्या दशकातच दाखवून झालंय. पण डबा मोठा आहे, संपवायला नको? आणि वजन वाढू द्या. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांना जोड्या लावून जन्मभर वाढवलं, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, पोटभर खाणारे ११.२, आणि सडपातळांच्या खुब्यांची झीजही कमी झाली. आता हे शेजारच्या काकूंना कोण समजावणार? बरगड्या हाताला लागल्या की त्या म्हणणार, "खायला घालत नाही का रे याला?" तूप-पोळी चालू ठेवा. जड अंग, कोवळे सांधे आणि रविवारचा गड, तिन्ही एका वेळी साधलं पाहिजे.

एवढं सगळं मनोभावे केलंत की एखाद्या सकाळी ब्रूनो उठताना मागचा पाय जपून टाकेल. दहा पावलं गेल्यावर चाल सुरळीत होईल, म्हणजे काही विशेष नाही. पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकायला लागला तर "किती क्यूट" म्हणा. वाढत्या वयात पाय दुखतात असं कुणीतरी सांगेलच. तसं एक दुखणं खरंच असतं, आज हा पाय उद्या तो, आणि ते आपलं आपण बरंही होतं. पण तेच आहे की दुसरं काही, हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून तपासू नका. हळद लावा. घरातली आयबुप्रोफेन तेवढी खरोखरच देऊ नका. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि तिथे मात्र मला विनोद सुचत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे जावं लागेलच. ते भूल देऊन खुब्यांचा एक्स-रे काढतील, फिल्म दिव्यासमोर धरतील आणि विचारतील, "रोज किती चालवता?" आवाज शक्य तितका साधा ठेवून सांगा, "तसं काही फार नाही डॉक्टर, नॉर्मलच." आणि धाकटा "पण बाबा, सिंहगड..." म्हणायला लागला, तर गाडीची चावी देऊन त्याला खाली पाठवा.