स्वेटरच का? गोठणगावच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीवरच्या लेखाखाली तुम्ही तीन हरकती घेतल्यात. कोयनेचे धरणग्रस्त अजून जमिनीसाठी खेटे घालतायत आणि तिबेट्यांना मात्र ती फुकट मिळाली. सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभं केलं, हे लोक इतक्या वर्षांनीही स्वेटरच विकतात. आणि इथंच राहायचं तर नागरिकत्व का घेत नाहीत? मधल्या हरकतीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघींचा गुंता तिथूनच सुटतो.

सिंधी लोकांच्या कष्टांबद्दल वाद नाही. 'मेड इन यूएसए'चा (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) विनोद उगाच जन्माला आलेला नाही. पण कष्टांच्या जोडीला त्यांच्या हाती काय होतं तेही बघा. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत ते राहायला आले तेव्हा घरदार गेलेलं होतं, तरी कायद्याने ते परके ठरले नाहीत. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना थेट आणि नंतर आलेल्यांना नोंदणी करून नागरिकत्व मिळालं. विस्थापितांना धंद्यासाठी कर्ज देणारी सरकारी यंत्रणा १९४८ मध्येच कायद्याने उभी राहिली. १९५० च्या कायद्याने सिंध-पंजाबात सुटलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवले गेले, १९५४ च्या कायद्याने भरपाईची सोय झाली, आणि ती भरपाई सरकारी घराच्या किंवा गाळ्याच्या किमतीत वळती करता येत होती. बराकीतली खोली स्वतःच्या नावावर होऊ शकते, ती तारण ठेवता येते, दुकानाचा परवाना निघतो, निवडणुकीत मत देता येतं. कारखाने या पायावर उभे राहिले.

१९५९ नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेल्या सुमारे ८० हजार तिबेट्यांना यातलं काहीच लागू नव्हतं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कागदोपत्री ते परदेशी नागरिक. हातात नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'आरसी' म्हणतात. ते मुदतीत नूतनीकरण करून घ्यायचं, आणि बरेच दिवस वसाहतीबाहेर राहायचं तर पोलिसांत कळवायचं.

आता स्वेटरचा धंदा या चौकटीत ठेवून पाहा. दुकान विकत घ्यायला नको, तारण नको, बारमाही परवाना नको. माल बहुतेक लुधियानाचा. तिथले लाला, म्हणजे ठोक व्यापारी, तिबेटी विक्रेत्यांना पिढ्यान्‌पिढ्या उधारीवर माल देत आलेत: थोडी रक्कम आगाऊ, बाकी हंगाम संपल्यावर. बँक ज्याला दारात उभं करत नाही त्याला हे भांडवल मिळतं, आणि ते केवळ विश्वासावर. म्हणून हप्ता बुडवणं हा एकट्याचा प्रश्न राहत नाही, पुढच्या वर्षी सगळ्या बाजाराची उधारी आखडते. विक्रेत्यांची संघटना लागते ती यासाठीच. मैदान भाड्याने घेणं, महापालिकेची परवानगी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, वीजजोडणी ही कामं संघटना करते. कोपऱ्यावरच्या गाळ्याची विक्री जास्त होते, त्यामुळे गाळ्यांची बऱ्याच ठिकाणी सोडत काढतात. अनेक बाजारांत 'एकच भाव'ची पाटी असते त्यालाही कारण आहे. शेजारीशेजारी तोच माल असताना घासाघीस सुरू झाली, तर सगळेच एकमेकांचा भाव पाडणार.

'तीन महिने बसून वर्षाचं कमावतात' असं तुम्ही लिहिलंय. समजा, एका कुटुंबाने पाच लाखांचा माल उचलला आणि खरेदीवर ४० टक्के चढवून विकला. सगळा खपला तर सात लाख आले, लालाचे पाच गेले, दोन उरले. त्यातून गाळाभाडं, भाड्याची खोली, गासड्यांची वाहतूक आणि जेवणखाण. पण थंडी उशिरा पडली आणि पाचवा हिस्सा माल तसाच राहिला, तर विक्री होते ५ लाख ६० हजारांची. लालाचे पाच लाख द्यावेच लागतात. वर उरले ६० हजार, आणि एक लाखाची गासडी, जिची फॅशन पुढच्या हिवाळ्यात जुनी झालेली असते. म्हणजे नफा असतो तो शेवटच्या काही गासड्यांत. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा हा रोखीचा धंदा ऐन हंगामात होता. २०२० चा हिवाळा कोरोनात गेला.

शिवाय हा धंदा शेतीच्या वेळापत्रकात चपखल बसतो. कर्नाटकातल्या बायलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत मका, गोठणगावात धान, दोन्ही मुख्यतः पावसाळी पिकं. पीक घरात आलं की कमावती माणसं गाव सोडतात आणि लोसारला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या तिबेटी नववर्षाला, परततात. नुसत्या शेतीवर भागत नाही, कारण जमीन वाढत नाही आणि माणसं वाढतात. बायलकुप्प्याची पहिली वसाहत १९६० ची. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने सुमारे तीन हजार एकर जंगल दिलं, आणि हत्ती-रानडुकरांना तोंड देत ते साफ केल्यावर माणशी साधारण एक एकर वाट्याला आलं. पाच जणांच्या घराला पाच एकर. आज त्या घरात बारा माणसं असली तरी एकर पाचच.

जमीन 'मिळाली' म्हणजे काय, हेही यातच आलं. ती भाडेपट्ट्यावर, वसाहतीसाठी. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव नाही, म्हणून पीककर्ज अडतं, विकायचा किंवा गहाण टाकायचा प्रश्नच येत नाही. बियाणं, खत, ट्रॅक्टर यांसाठी वसाहतीची सहकारी संस्था असते ती याच अडचणीपोटी. २०१४ च्या केंद्रीय पुनर्वसन धोरणाने २० वर्षांचे पट्टे, रेशन, रोजगार हमी, व्यापार परवाने यांची दारं उघडायला राज्यांना सांगितलं. अंमल राज्याच्या मर्जीवर. कोयनेबद्दलचा तुमचा संताप रास्त आहे. धरण बांधलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, पहिला १९७६ चा. पण तो हिशेब सरकारकडे मागायचा. गोठणगावचा पट्टा उद्या रद्द केला, तरी पाटणच्या धरणग्रस्ताला गुंठाभर जमीन मिळणार नाही.

नागरिकत्वाचं असं आहे की ज्यांना हक्क आहे त्यांनाही ते फुकट पडत नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला कुणीही जन्माने नागरिक ठरतो, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिबेट्यांच्या बाबतीत हेच सांगितलं. २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायची तयारी झाली, पण अटींसह: आरसी रद्द करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी निर्वासितांच्या स्वतःच्या प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडा. म्हातारे आईवडील, घर आणि ते पाच एकर ज्या वसाहतीत आहेत तीच सोडायची. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना तर आईवडिलांपैकी निदान एक नागरिक असावा लागतो, आणि डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाले. परत जायची आशा हेही नागरिकत्व न घेण्याचं एक कारण आहेच. पण कागद पुढे ठेवून बसलेल्या तरुणाला आधी ही बेरीज-वजाबाकी करावी लागते.

शेवटी तुम्ही विचारलंय, गोठणगावची वसाहत पाहायला परवानगी लागते का? भारतीय नागरिकाला नाही. परदेशी पाहुणा सोबत असेल तर मात्र त्याच्यासाठी गृहमंत्रालयाचा परवाना आधीच काढून ठेवा. नवेगावबांध आणि इटियाडोह धरण जवळच आहेत. फक्त डिसेंबरात जाऊ नका. ज्यांच्याशी तुम्हाला वाद घालायचाय ते तेव्हा कुठल्यातरी शहरात स्वेटर विकत असतील.