पुस्तकाचं सुतक

माझं एक साधं मागणं आहे. रडवणारं पुस्तक संपलं की माणसाला निदान तीन दिवसांचं सुतक मिळावं. स्वयंपाकाला हात लावायचा नाही, लग्नाचं आमंत्रण घ्यायचं नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा. प्रत्यक्षात काय होतं? कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलेलं असतं, पान उलटायचा धीर होत नसतो आणि आतून हाक येते, "कुलरमध्ये पाणी टाकलं का?"

नागपुरात मे महिन्यात वाचायचं ते कुलरसमोरच. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून जाडजूड कादंबऱ्या आम्ही तेव्हाच काढतो. कर्णावरची 'मृत्युंजय' मी अशीच वाचली. कुलरच्या घरघरीत हुंदका ऐकू जात नाही, हा मोठाच फायदा. पण टाकीतलं पाणी संपलं की घरघर बदलते, सासूबाई बघायला येतात आणि सून डोळे पुसताना सापडते.

"काय झालं? माहेरी कोणी आजारी आहे का?"

"नाही हो. कर्ण गेला."

"तो तं कधीचाच गेला," म्हणाल्या आणि टाकीत बादली रिकामी करून निघून गेल्या.

घरातलं एक वेळ चालतं. मेट्रोत मात्र पंचाईत होते. ऑफिसला जाताना मी सुभाषनगरला चढते, बसायला जागा मिळते, म्हणून एकदा 'श्यामची आई' पुन्हा काढलं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. त्या पाच दिवसांच्या लिखाणावर महाराष्ट्र नव्वद वर्षं रडतोय, तिथे मी शंकरनगरपर्यंत तरी कशी टिकणार? समोरच्या काकूंनी माझे डोळे पाहिले, मग मुखपृष्ठावरचं 'आई' वाचलं, आणि उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. "केव्हा गेल्या?" माझी आई वर्ध्यात ठणठणीत आहे, सकाळीच फोनवर मला रागावली आहे, हे त्यांना पटेपर्यंत झाशी राणी चौक आला होता. डब्यातल्या एका मुलाने तर मला पाण्याची बाटलीही देऊन टाकली.

याहून अवघड काम म्हणजे "कसं वाटलं?" याचं उत्तर देणं. आमची वाचकांची भिशी आहे. जिच्या घरी नंबर, तिने चहा-समोसे करायचे आणि बाकीच्यांनी महिन्याच्या पुस्तकावर बोलायचं. बोलणं बहुधा "मी तर सुन्नच झाले" इथून सुरू होतं. सुन्न झालेली बाई लगेच चिंचेची चटणी मागते, हा माझा अनुभव. मीही मागते. एक निवृत्त प्राध्यापिका तेवढ्या अपवाद आहेत. मी कर्णावर गळा काढला तेव्हा त्यांनी शांतपणे इरावती कर्व्यांचं 'युगांत' पुढे केलं आणि विचारलं, "भर सभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घ्या असं सांगणारा कोण होता?" ज्याच्यासाठी अख्खी दुपार उशी भिजवली, तोच! दोन्ही पुस्तकं १९६७ सालची. एकाने रडवायचं आणि दुसऱ्याने रडण्याचा हिशेब मागायचा, तेही एकाच वर्षी, हा वाचकावर अन्याय आहे. बरं, 'युगांत' वाचल्यावर रडूही येत नाही आणि झोपही येत नाही.

मग 'बलुतं' या दलित आत्मकथनाचा महिना आला. धरमपेठेतलं प्रशस्त घर, बोन चायनाचे कप. "अंतर्मुख करणारं आहे." "भाषेत काय ताकद आहे!" "आपण किती सुरक्षित जगलो, नाही?" इथे दोघींना खरंच भरून आलं. तेवढ्यात कामाच्या मावशी ट्रे न्यायला आल्या.

"काऊन रडून राहिल्या बाई साऱ्या? कोणी गेलं का?"

"नाही हो, पुस्तक वाचलं."

मावशींनी मान वाकडी करून नाव वाचलं. "हे व्हय? माह्या पोरानं दसऱ्याले दीक्षाभूमीवरून आणलं होतं. दोनदा वाचलं मी."

आम्ही सगळ्या सावरून बसलो. दया पवारांचं पुस्तक १९७८ सालचं, त्यावर आजवर पुष्कळ लिहून आलंय. पण अशी वाचक आमच्या भिशीला कधी लाभली नव्हती. यजमानीणबाईंनी तर वहीच उघडली. "मग, कसं वाटलं तुम्हाला?"

"वाटाचं काय बाई त्यात? तसंच तं होतं." आणि मग, ट्रे उचलता उचलता, "माहा चहा थंडा झाला असंन. खिडकीतल्या कपात ओतून ठेवला व्हता."

खिडकीतला तो कानतुटका कप आम्ही सगळ्यांनी येताना पाहिला होता. त्यावर एकीलाही काही म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. यजमानीणबाईंनी वही मिटली. कोणीतरी घाईघाईने उन्हाचा विषय काढला आणि पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलाय यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पुढच्या महिन्यात काहीतरी हलकंफुलकं वाचायचं, असं लगोलग ठरलं. नंबर माझा आहे. समोसे किती सांगायचे, तेवढं मात्र वेळेवर कळवा.