‘पाणीटंचाई हा बनाव’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

परवा मावशीचा फोन आला. नळाचं पाणी प्यायचं तिने बंद केलंय. का, तर म्हणाली, “तुला पाठवलंय बघ, वाच.” तोच संदेश आठवडाभरात तीन गटांतून माझ्याकडे आला होता आणि मी न वाचताच पुसून टाकला होता. ती माझी चूक. मावशी सत्तरीच्या पुढची, एकटी राहते. आता विकतच्या बाटल्या पुरवून पुरवून वापरते, म्हणजे उन्हाळ्यात पाणीच कमी पिते. म्हणून हे लिहितोय.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: पाऊस वाढलाय, धरणं भरतात, तरी पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था कपात करतात, कारण टंचाई दाखवून त्यांना नवे प्रकल्प काढायचे असतात. समुद्राचं पाणी गोडं केलं की प्रश्न मिटतो. गळती थांबवली तर तेवढंही करावं लागत नाही. ते सोडून या संस्था ‘गटाराचं पाणी धुऊन’ नळाला सोडतात आणि त्याने कॅन्सर होतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मावशी घाबरली ती त्यालाच. तिच्या नळाला धरणाचं पाणी येतं, सांडपाण्याच्या फेरवापराचा प्रकल्प तिथे नाहीच. पण उद्या झाला तर? पिण्यासाठी फेरवापर करायचा तेव्हा सांडपाण्यावर आधी नेहमीची जैविक प्रक्रिया होते. मग ते इतक्या बारीक गाळण्यांतून जातं की जिवाणू मागे राहतात. पुढे रिव्हर्स ऑस्मोसिसचा पडदा, ज्यातून मीठसुद्धा जेमतेमच पार होतं. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून अतिनील किरणांचा मारा. प्रत्येक टप्प्यावर सतत मोजणी चालते आणि आकडा बिघडला की पाणी पुढे जाऊ देत नाहीत. भूजलात सोडायच्या अशा पाण्यासाठी कॅलिफोर्नियाचा नियम असा की सांडपाण्यात १ लाख कोटी विषाणू असतील तर ते पिण्यासाठी पुन्हा उपसेपर्यंत त्यातला जास्तीत जास्त एक उरावा.

कॅन्सरच्या भीतीत तथ्य एवढंच: एनडीएमए नावाचा एक पदार्थ आहे, त्याच्यावर कॅन्सरचा संशय आहे आणि त्याचा रेणू इतका लहान की ऑस्मोसिसच्या पडद्यातूनही काही प्रमाणात निसटतो. हे तज्ज्ञांना माहीत आहे. अतिनील किरणांचा टप्पा त्याच्यासाठीही असतो, ते किरण त्याला फोडतात. संदेश लिहिणाऱ्याने अर्धी गोष्ट सांगितली आणि तिचा इलाज गाळला.

आफ्रिकेतल्या नामिबिया देशातलं विंडहुक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतंय. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक ते पितात. आणि भीतीच बाळगायची तर ती दुसरीकडे बाळगा: नदीकाठी वरच्या गावाने कसंबसं प्रक्रिया करून, किंवा न करताच, सोडलेलं सांडपाणी खालच्या गावाच्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीपर्यंत, पोचतंच. त्याबद्दल कोणी संदेश फिरवत नाही.

आता ‘पाऊस वाढलाय’. कुठे? ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला पर्थ शहर आहे. तिथला एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस १९७० पासून साधारण १६ टक्क्यांनी घटला. ऐकायला फार वाटत नाही. पण धरणांत येणारं पाणी पूर्वीच्या सरासरीच्या चौथ्या हिश्शाखाली गेलं. कारण कोरडी जमीन आधी स्वतः पाणी पिते, भूजल खोल गेलं की ओढे वाहत नाहीत आणि वाढत्या उष्णतेत बाष्पीभवन वाढतं. पाणलोट भिजून उरेल तेवढंच धरणाला मिळतं. पाऊस थोडा घटला की येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, कितीतरी पटीने घटतो, हे पर्थने जगाला दाखवलं.

काही ठिकाणी पाऊस वाढतोय, हे खरं. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. पण असा पाऊस काही तासांत वाहून जातो. चेन्नई डिसेंबर २०१५ मध्ये पुरात बुडाली आणि जून २०१९ मध्ये तिचे चारही मुख्य जलाशय जवळपास कोरडे होते. मधे फक्त साडेतीन वर्षं.

‘धरण भरलंय, मग कपात का?’ दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनची धरणं २०१४ चा पावसाळा संपताना जवळपास काठोकाठ होती. पुढची तीन वर्षं पाऊस फसला आणि २०१८ च्या सुरुवातीला धरणांत सुमारे पाव हिस्साच पाणी उरलं. माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. २०१५ मध्ये रोज सुमारे १२० कोटी लिटर वापरणारं शहर निम्म्याहून खाली उतरलं आणि नळ बंद करायची वेळ टळली. धरणाने एक पावसाळा नाही, तर लागोपाठचे वाईट पावसाळे पेलायचे असतात. म्हणून कपात साठा असतानाच करावी लागते. साठा संपल्यावर कपात कशातून करणार?

समुद्राचं पाणी गोडं करणं हा उपाय आहेच. पर्थने पहिला मोठा प्रकल्प २००६ मध्ये सुरू केला, नंतर दुसराही. पण १००० लिटरमागे साधारण ३ ते ४ युनिट वीज जाते, उरलेलं दाट खारं पाणी समुद्रात नीट सोडावं लागतं, आणि समुद्रापासून दूर, उंचावर वसलेल्या शहरांपर्यंत ते चढवणं फार महाग पडतं. पर्थही त्या एकाच आधारावर थांबलं नाही. भूजल उपसलं जातंच, शिवाय २०१७ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी खोल भूजलात मुरवलं जातं, म्हणजे संदेश ज्याला विष म्हणतो तेच. एक स्रोत आटला तर दुसरा तग धरेल, अशी ती जुळणी आहे. आणि प्रकल्प उभा राहायला वर्षं लागतात, त्यामुळे तो धरण भरलेलं असतानाच काढावा लागतो. संदेशाला संशय येतो तो नेमका याच गोष्टीचा.

राहिली गळती. इथे मला नाइलाजाने मान डोलवावी लागते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्याचा मोठा हिस्सा ग्राहकाच्या मीटरपर्यंत पोचत नसेल आणि तरी लोकांना बचत शिकवली जात असेल, तर लोक चिडणारच. टोकियोने गळती सुमारे ३ टक्क्यांवर आणली, म्हणजे हे जमतं. पण त्यामागे जुन्या वाहिन्या बदलण्याची आणि रात्री कान लावून जमिनीखालची गळती शोधण्याची कित्येक दशकांची मेहनत आहे. शिवाय हिशेबात न येणारं सगळंच पाणी गळत नाही, काही चोरीला जातं, काही बिघडलेल्या मीटरमुळे मोजलंच जात नाही. आणि पर्थच्या धरणांतला येवा चौथ्या हिश्शाखाली गेला, तो कुठल्या नळजोडणीतून गळला होता?

संशय घ्यायचाच असेल तर पाणीपुरवठा संस्थेला दोन प्रश्न लेखी विचारा. लागोपाठ दोन पावसाळे फसले तर कुठल्या स्रोतातून रोज किती पाणी येईल? आणि केंद्रातून निघालेल्या दर १०० लिटरपैकी किती लिटर मीटरवर उमटतात? मावशीला दोन्ही कागदावर लिहून दिलेत. तिच्या भागातल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवालही मागवलाय. तो आला की तिच्याकडे बसून ओळ न् ओळ वाचून दाखवणार आहे.