आईबापाला कसली भेटीची वेळ?

आमची लेक अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. बायकोचं बीपी आवरेना, म्हणून तातडीचं सिझेरियन. वजन १०८० ग्रॅम. आजी म्हणाली, "सातमाशी जगतं, आठमाशी नाही." डॉक्टर हसले. म्हणाले, आजींना सांगा, पोटात जितके दिवस जास्त तितकं बरंच असतं.

एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दारावर पाटी होती : भेटीची वेळ ११ ते ११.१५ आणि ५ ते ५.१५. उरलेला दिवस आम्ही बाप लोक बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर. नावं कुणी विचारत नव्हतं.

"तुमचं किती?"

"१०८०. तुमचं?"

"११५०."

एवढी ओळख पुरायची. दार किलकिलं झालं की सगळे उभे. आतून हाक आली म्हणजे औषधाची चिठ्ठी नाहीतर बिल. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सरफॅक्टंट, पोरगी श्वास घ्यायला विसरू नये म्हणून कॅफीन (हो, कॉफीतलंच). बापाचं काम मेडिकलपर्यंत पळायचं.

बायको वरच्या मजल्यावर टाके सांभाळत चीक काढायची. जेमतेम दोन मिली. ती इवलीशी बाटली मी दोन्ही हातांत धरून जिन्याने खाली आणायचो, लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागायला नको म्हणून. खाली सिस्टर दारातूनच घ्यायच्या आणि दार लागायचं.

सतराव्या दिवशी एक वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "बाबा, उद्या आंघोळ करून, पुढे बटणं असलेला शर्ट घालून या. आईला ताप आहे ना, मग तुम्ही घ्या." टोपी, मोजे आणि डायपर एवढ्यावर तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८९, ९०. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग ९४, ९५, आणि आकडा तिथेच बसला. तिच्या पायाची बोटं माझ्या बरगडीला टेकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी.

हे काही नवं नाही. कोलंबियात बोगोटाच्या डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ साली बाळाला असं उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत सुरू केली, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतला मोठा अभ्यास आला : एक ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिर व्हायची वाट न पाहता लगेच छातीशी धरलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. तिथे आईची खाट एनआयसीयूतच, बाळाशेजारी. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, दिवसाचे ८ ते २४ तास धरा.

आणि आम्हाला दिवसाला अर्धा तास, तोही लांबून बघायला. विचारलं तर एकच उत्तर, "इन्फेक्शन होईल." त्याच अभ्यासात छातीशी धरलेल्या बाळांत जंतुसंसर्गाचं प्रमाणही कमीच निघालं होतं. सिस्टरांवर माझा राग नाही, त्या एकट्या किती बाळांकडे बघणार? उलट आईबाप आत असतील तर त्यांनाच हात मिळेल. पहिले काही दिवस नळ्या-मशीनमुळे जमलं नसतं, तेही मान्य. पण सतरा दिवस आम्हाला कुणी हे असं काही असतं एवढंसुद्धा सांगू नये?

तासाभरानं बाहेर आलो. ११५० वाले माझ्याकडे बघत बसले.

"शर्टाची बटणं वरखाली लागलीत तुमची."

सांगितलं काय झालं ते. ते उठले, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि थेट दारावरची बेल दाबली. घड्याळात दोन वाजले होते.