‘एसईओ मेलं’ ही पोस्ट पुढे ढकलण्याआधी

लिंक्डइनवरून निघून व्हॉट्सॲप ग्रुपांपर्यंत पोचलेली ती पोस्ट थोडक्यात अशी: लोक एआयला विचारतात, गूगलही स्वतःच उत्तर देतं, म्हणून एसईओ, म्हणजे सर्चच्या निकालांत साइट वर आणण्याचं काम, मेलं. एसईओवाल्यांनी एआयकडून हजारभर लेख पाडून घ्यावेत, नाहीतर ‘जीईओ’ हे एआयच्या उत्तरांत साइट आणण्याचं नवं शास्त्र शिकावं.

क्लिक घटले, हे खरंच. प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या लोकांचे मार्च २०२५ मधले गूगल सर्च तपासले. वर एआयचा सारांश असेल तर लोकांनी खालच्या निकालांवर ८ टक्के वेळा क्लिक केलं, नसेल तर १५ टक्के. पण तो सारांश येतो कुठून? वेबपानांवरूनच. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआयने पिझ्झावरचं चीज निसटू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं, ते रेडिटवरच्या एका जुन्या थट्टेवरून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हजार लेखांचा सल्ला सरळ घातक आहे. निव्वळ रँकिंगसाठी ढिगाने काढलेला निरुपयोगी मजकूर गूगलच्या मार्च २०२४ च्या धोरणात स्पॅम ठरतो, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

आता ‘जीईओ’. एआय ओव्हरव्ह्यूत, म्हणजे गूगलच्या त्या वरच्या सारांशात, दिसायला वेगळं काही करावं लागत नाही, असं गूगलच सांगतं. त्यामुळे याचे महागडे कोर्स विकणाऱ्यांपासून जरा जपूनच. फरक आहे तो बारकाव्यांत, आणि तिथे जाणता माणूस लागतो. गूगल जावास्क्रिप्ट (पान उघडल्यावर चालणारा कोड) चालवून पान वाचतं. बरेच एआय क्रॉलर (पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) ती चालवत नाहीत, म्हणून जावास्क्रिप्टने भरलेली दरांची यादी त्यांना कोरी दिसते. किंवा हे बघा: ओव्हरव्ह्यूतून साइट काढायची म्हणून काही जण रोबोट्स फाइलीत (कोणत्या यंत्राने साइटवरचं काय वाचू नये हे सांगणाऱ्या फाइलीत) ‘गूगल-एक्स्टेंडेड’ हे गूगलच्या एआय मॉडेलांसाठीचं नाव अडवतात. त्याने तिथे काहीच होत नाही, कारण ओव्हरव्ह्यू हा सर्चचाच भाग. तिथे पानावर ‘नोस्निपेट’ ही ‘मजकुराचा उतारा दाखवू नका’ सांगणारी खूण लावावी लागते, आणि ती लावली की साध्या निकालाखालच्या दोन ओळीही जातात. हा सौदा परवडतो का, हे क्लायंटपुढे आकडे मांडून सांगणं हे आताचं काम.

मराठीत तर अजून पायाच कच्चा आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टातला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा गोंधळ. गूगल काय नि चॅटबॉट काय, दोघांनाही तो सारखाच अगम्य.

‘महिन्याला वीस लेख, शंभर बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंक)’ असं पॅकेज विकून ज्यांचं दुकान चालतं, त्यांच्यापुरती ती पोस्ट खरी मानायला माझी हरकत नाही. फक्त त्यांची घरघर बनावट लिंकांना चाप लावणाऱ्या गूगलच्या एप्रिल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून लागलेली आहे, चॅटजीपीटी यायच्या दहा वर्षं आधीपासून.