‘काय होत नाही ओ’ म्हणून बसवलेले फॉग लाइट

गेल्या आठवड्यात बेळगावातल्या एका दुकानात साडेतीन हजार रुपये मोजून मी माझ्या गाडीचे फॉग लाइट बदलून घेतले, आणि शनिवारी पहाटे जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघाल्यावर कळले की पैसे देऊन मी स्वतःच आंधळा झालो आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुके कसे उतरते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आधीच्या ५५ वॅटच्या पिवळ्या हॅलोजन दिव्यांत निदान डांबराची कड तरी दिसत असे. या नव्या एलईडी दिव्यांत बॉनेटच्या पुढे नुसती पांढरी भिंत उभी राहिली आणि मी पहिल्या गिअरमध्ये, खिडकीतून मान बाहेर काढून, वळणे शोधत गेलो.

मेस्त्रींना मी तीन वेळा सांगितले होते की मला जास्त उजेड नको, खाली आणि रुंद पसरणारा उजेड हवा. धुक्याच्या थेंबांवर आपटून उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून तर फॉग लाइट बंपरच्या खालच्या बाजूला असतात आणि त्यांचा झोत वरून सुरीने कापल्यासारखा लागतो. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडीचा बल्ब खुपसला की उजेडाची मूळ जागाच सरकते, झोताची वरची कड फिसकटते आणि तो झाडांत, ढगांत, समोरून येणाऱ्या गोव्याच्या कदंब बसच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत, कुठेही जातो. (त्या ड्रायव्हरने मला जे ऐकवले ते कोंकणीत होते, पण समजले.) माझ्या या सगळ्या प्रवचनावर मेस्त्रींचे उत्तर एकच: “काय होत नाही ओ, सगळे हेच बसिवतात.” खोक्यावर २०० वॅट छापलेले आहे, घरी येऊन मल्टिमीटर लावला तर एक बल्ब २ अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणजे १२ व्होल्टवर २४ वॅटही नाहीत!

खरा संताप मात्र वायरिंगचा आहे. माझी गाडी म्हणजे गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म, दोन सीटची, आणि तिची बॉडी फायबरची. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे अर्थिंगची वायर वेगळी ओढून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी लागते, हेही मी सांगितले होते. तरी या गृहस्थांनी ती वायर बंपरलाच स्क्रूने आवळली, दिवे लागेनात म्हणून अर्धा तास बल्बला शिव्या घातल्या, आणि शेवटी इंडिकेटरच्या अर्थिंगला पीळ मारून वर काळी टेप गुंडाळली. रिले, म्हणजे दिव्यांचा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा खटका, काढून बाजूला टाकला, कारण म्हणे “एलईडीला लागत नाही.” आता उजवा इंडिकेटर दिला की उजवा फॉग लाइट त्याच्या तालावर मिचकावतो, आणि चौकात उभा असलो की रिक्षावाले हसतात.

काल जुने दिवे परत मागायला गेलो, तर “ते भंगारात गेले की ओ” असे, जणू मीच पाठवल्यासारखे, ऐकायला मिळाले. एक काच तडकलेली होती, कबूल. पण दुसरा दिवा धडधाकट होता आणि माझा होता. रिले तेवढा त्यांच्या टेबलाखाली सापडला, तो उचलून आणला.